तारीख एक दिवस मागे का जाते : वेब ॲपमधल्या तारखांचं समस्या निवारण

तक्रार साधारण अशी येते. पतसंस्थेच्या पावती-ॲपमध्ये क्लार्कने १ एप्रिल २०२५ ही तारीख निवडली, सेव्ह केलं आणि छापील पावतीवर ३१ मार्च २०२५ आलं. एरवी एका दिवसाचा फरक कोणी मनावर घेत नाही. पण १ एप्रिलची पावती ३१ मार्चला गेली की ती आदल्या आर्थिक वर्षात जाऊन बसते, व्याज हलतं, दोन्ही वर्षांच्या बेरजा चुकतात. म्हणून ही तक्रार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हमखास उगवते. घाईत कोणीतरी तात्पुरती पट्टी मारतं आणि पुढच्या एप्रिलला ती पुन्हा हजर.

याच दुखण्याचं आणखी एक रूप जास्त वाईट आहे. पावती उघडायची, रकमेत दुरुस्ती करायची, सेव्ह करायचं. तारखेला हातही लावलेला नसतो, तरी ती आणखी एक दिवस मागे जाते. पुन्हा उघडून सेव्ह केलं की पुन्हा एक दिवस. असं होत असेल तर शंका घेऊ नका, खाली लिहिलंय तेच कारण आहे.

## १८:३० दिसलं की ओळखा

ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, एक पावती सेव्ह करा आणि सर्व्हरकडे गेलेला मजकूर वाचा. तारखेच्या जागी हे दिसेल:

२०२५-०३-३१टी१८:३०:००.०००झेड

निदान इथेच संपलं. शेवटचा ‘झेड’ म्हणजे ही वेळ यूटीसीमधली, म्हणजे जगभरच्या सामाईक प्रमाणवेळेतली आहे. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडची १ एप्रिलची मध्यरात्र यूटीसीत ३१ मार्चची संध्याकाळची साडेसहा. क्षण एकच आहे, फक्त तो दुसऱ्या घड्याळात लिहिलाय. गडबड पुढच्या पायरीला होते. सर्व्हरवर कोणीतरी या मजकुराची पहिली दहा अक्षरं कापून घेतो, किंवा डेटाबेसचा तारखेचा कॉलम स्वतःच वेळ टाकून देतो. उरतं ३१ मार्च.

साखळी अशी. डेट पिकर जावास्क्रिप्टचा ‘डेट’ ऑब्जेक्ट देतो, त्यात वापरणाऱ्याच्या घड्याळातली मध्यरात्र असते. तो ऑब्जेक्ट जेसनमध्ये (सर्व्हरशी देवाणघेवाण करायच्या मजकुराच्या साच्यात) गेला की आतून ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ चालतं आणि ते नेहमी यूटीसीतच लिहितं. तुम्ही ते कुठे लिहिलं नसेल तरी चालतं, कारण जेसन बनवणारं फंक्शन ते परस्पर बोलावतं. त्यामुळे ‘आमच्या कोडमध्ये टाइमझोनचा उल्लेखच नाही’ हे म्हणणं खरं असलं तरी उपयोगाचं नाही.

लॉगमध्ये किंवा डेटाबेसमध्ये एकामागून एक १८:३० दिसायला लागले तर ती भारतातली मध्यरात्र समजा. १७:३० दिसलं तर काय, ते पुढे सांगतो.

मुळात दोन वेगळ्या गोष्टी एका डब्यात कोंबल्यामुळे हे होतं. ‘पैसे जमा झाले ती वेळ’ हा घड्याळातला क्षण आहे. तो पुण्यात आणि न्यू जर्सीत वेगळा दिसणार आणि तसाच दिसायला हवा. ‘पावतीची तारीख’, ‘जन्मतारीख’, ‘हप्त्याची देय तारीख’ हे कॅलेंडरमधले दिवस आहेत. भिंतीवरचं कॅलेंडर उचलून न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात टांगलं म्हणून त्यावरचा १ एप्रिल ३१ मार्च होत नाही. जावास्क्रिप्टच्या ‘डेट’मध्ये मात्र दिवस ठेवायची सोयच नाही. नाव डेट असलं तरी आत १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद असतात, म्हणजे क्षणच.

## साडेपाच तास मिळवण्याचा उपाय

गुगलवर शोधलं की पहिला उपाय मिळतो तो साडेपाच तास मिळवा हाच. काही जण थेट एक दिवसच मिळवतात. दोन्ही उपायांनी डेमो पार पडतो, म्हणून ते टिकतात.

दिवस मिळवणारा कोड चालतो तो फक्त चुकीच्या तारखांवर. उद्या दुसऱ्या कोणी मूळ दोष काढला की पावत्या एक दिवस पुढे जायला लागतात आणि नवीन माणसाला कळत नाही की हा अधिकचा एक कुठून आला. साडेपाच तास मिळवणारा कोड बरा वाटतो, पण त्याने गृहीत धरलंय की समोरचा माणूस भारतातच बसलाय. लंडनहून कोणी तारीख निवडली तर हिवाळ्यात तिथली मध्यरात्र यूटीसीचीच मध्यरात्र असते, सगळं ठीक दिसतं. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा मजकूर २३:०० असा जातो. साडेपाच मिळवल्यावर पहाटेचे साडेचार, तारीख योगायोगाने बरोबर. न्यू जर्सीहून उन्हाळ्यात तीच मध्यरात्र ०४:०० अशी येते, साडेपाच मिळवून सकाळचे साडेनऊ, इथेही बरोबर. असं बरेच दिवस ‘योगायोगाने बरोबर’ चालतं.

मग एखादी आजी सापडते. जन्म जून १९४४. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात घड्याळं एक तास पुढे केली होती. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताची वेळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. ब्राउझर आणि सर्व्हर दोघेही वापरतात त्या टाइमझोन डेटाबेसमध्ये ही नोंद आहे, आणि आजचे ब्राउझर ती प्रामाणिकपणे पाळतात. त्यामुळे १९४४ मधली मध्यरात्र यूटीसीत १७:३० होते. त्यात साडेपाच मिळवले की रात्रीचे अकरा, आणि तारीख आदल्या दिवसाची. जन्मतारखेच्या कॉलममध्ये शेकडो १८:३० मध्ये चारदोन १७:३० दिसले तर ती याच काळात जन्मलेली मंडळी. आधारवरची जन्मतारीख जुळत नाही म्हणून केवायसी अडतं ते नेमकं ऐंशी ओलांडलेल्यांचं, ज्यांना पुन्हा फॉर्म भरायला बोलावणं सगळ्यात अवघड.

(जाता जाता: स्वतः मुंबई शहर तर १९५५ पर्यंत आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ पाळत होतं, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. टाइमझोन डेटाबेसमध्ये मुंबईची स्वतंत्र नोंद नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरला तिचा त्रास नाही. असती तर १९५० च्या जन्मतारखांनी आपल्याला रडवलं असतं.)

## दुरुस्ती

दिवस हा मजकूर म्हणूनच न्या. डेट पिकरने ऑब्जेक्ट दिला की तिथल्या तिथे त्याचं ‘वर्ष-महिना-दिवस’ करा आणि पुढे तेवढंच पाठवा. त्यासाठी ‘गेट-फुल-इयर’, ‘गेट-मंथ’ आणि ‘गेट-डेट’ ही स्थानिक वेळ वाचणारी फंक्शन्स वापरायची. महिना शून्यापासून मोजला जातो, म्हणून त्यात एक मिळवायचा. महिना आणि दिवस ‘पॅड-स्टार्ट’ने दोन अंकी करायचे. तीन ओळींचं काम आहे. यूटीसीवाली भावंडं, म्हणजे नावात मध्ये ‘यूटीसी’ असलेली तीच फंक्शन्स, इथे चुकूनही नकोत.

एक शॉर्टकट बऱ्याच ठिकाणी दिसतो: ‘टू-लोकेल-डेट-स्ट्रिंग’ला स्वीडनचं लोकेल (भाषा आणि देशानुसार लिहिण्याची पद्धत) द्यायचं, कारण स्वीडिश लोक तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहितात. चालतं. तरी मी तो कोडमध्ये ठेवत नाही. लोकेलचा मजकूर माणसाने वाचण्यासाठी असतो आणि त्याचा साचा कायम तसाच राहील असं जावास्क्रिप्टचं मानक कुठेही म्हणत नाही.

ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा इनपुट वापरत असाल तर काम आणखी सोपं. त्याची ‘व्हॅल्यू’ मुळातच वर्ष-महिना-दिवस असा मजकूर असते. ती जशीच्या तशी पाठवा. तिचा डेट ऑब्जेक्ट करून पुन्हा मजकूर करण्याच्या फेऱ्यातच दिवस हरवतो.

‘आजची तारीख’ हा जरा वेगळा प्रश्न. वर्तमान क्षणाचं ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ करून दहा अक्षरं कापली तर रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळात कालची तारीख मिळते. ऑफिसच्या वेळेत हे कधीच दिसत नाही. रात्रीची बॅच, दूध डेअरीचं पहाटेचं संकलन, हॉस्पिटलची नाइट ड्यूटी इथेच दिसतं. इथे जावास्क्रिप्टच्या अंगभूत ‘इंटल’च्या डेट-टाइम फॉरमॅटरला टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा स्पष्ट द्या आणि ‘फॉरमॅट-टू-पार्ट्स’ने वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे घ्या. म्हणजे सर्व्हर कुठेही असो, पतसंस्थेचा ‘आज’ हा सांगलीतलाच आज राहतो.

जावास्क्रिप्टच्या नवीन ‘टेम्पोरल’मध्ये ‘प्लेन-डेट’ नावाचा प्रकार आहे, वेळ नसलेला शुद्ध दिवस. फायरफॉक्समध्ये तो २०२५ मध्ये आला. जावावाल्यांकडे २०१४ पासून ‘लोकल-डेट’ आहेच. ज्यांच्या ॲपमध्ये पॉलिफिल (जुन्या ब्राउझरला नवी सोय पुरवणारा कोड) चालतो त्यांनी नवीन कोडमध्ये टेम्पोरल वापरायला हरकत नाही. जुनं ॲप दुरुस्त करायला मजकूर पुरतो.

## उलट दिशेचा दोष पुण्यात दिसत नाही

वाचताना वेगळीच गंमत होते. सर्व्हरने ‘२०२५-०४-०१’ असा स्वच्छ मजकूर दिला आणि तुम्ही तो डेट ऑब्जेक्टमध्ये टाकला. नुसती तारीख असलेला, वर्ष-महिना-दिवस या आयएसओ साच्यातला मजकूर जावास्क्रिप्ट यूटीसीतला धरतं. म्हणजे १ एप्रिलची यूटीसी मध्यरात्र. पुण्यात ती १ एप्रिलची पहाटेची साडेपाच. तारीख बरोबर, सगळे खूश. तेच पान न्यू जर्सीत बसलेल्या मुलाने आईवडिलांच्या फ्लॅटचा मेंटेनन्स भरल्यावर उघडलं तर त्याला ३१ मार्चची रात्री आठची वेळ मिळते आणि पावतीवर ३१ मार्च दिसतं. तो सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करतो, सेक्रेटरी स्वतःच्या मोबाइलवर बघून म्हणतात, बरोबर तर आहे की.

अडचण वाढते ती याच मजकुराच्या भावकीमुळे. त्याच तारखेपुढे मध्यरात्रीची वेळ जोडली पण झेड लावला नाही, तर तो मजकूर स्थानिक वेळेचा धरला जातो. आडव्या रेषांऐवजी तिरक्या रेषा टाकल्या तर मानकात त्याची हमी नाही, पण ब्राउझर स्थानिक वेळ धरतात. दिसायला सारखे तीन मजकूर, अर्थ वेगळे. म्हणून तारखेचा मजकूर डेट ऑब्जेक्टच्या तोंडी द्यायचाच नाही. रेषेवर तोडा, तीन आकडे घ्या, आणि दाखवण्यासाठी लागलंच तर त्या तीन आकड्यांपासून ऑब्जेक्ट बनवा, महिन्यातून एक वजा करून.

तुमच्या मशिनवर हे बघायचं असेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘सेन्सर्स’ नावाचा टॅब आहे. तिथे लोकेशन सॅन फ्रान्सिस्को करा, पान रिफ्रेश करा.

## ‘माझ्या लॅपटॉपवर चालतं’

लॅपटॉप भारतीय वेळेवर, क्लाउडवरचा सर्व्हर आणि डॉकरचा कंटेनर बहुतेक वेळा यूटीसीवर. एकाच कोडची दोन उत्तरं इथून सुरू होतात.

पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि नोड, म्हणजे सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट, ही जोडी बघा. कॉलमचा प्रकार नीट ‘डेट’ ठेवलेला आहे, त्यात १ एप्रिल आहे. पण नोडचा नेहमीचा ड्रायव्हर तो वाचताना सर्व्हरच्या स्थानिक मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट करतो. यूटीसीच्या सर्व्हरवर जेसनमध्ये १ एप्रिल ००:०० जातं. लॅपटॉपवर ३१ मार्च १८:३०. म्हणजे या वेळी लॅपटॉपवर चुकतं आणि सर्व्हरवर बरोबर येतं. लोक लॅपटॉपसाठी साडेपाच तास मिळवतात... पुढचं सांगायला नको. ड्रायव्हरला सांगून टाका की डेट या प्रकाराचा, ज्याचा अंतर्गत क्रमांक १०८२ आहे, मजकूर तसाच दे. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी ‘डेट-स्ट्रिंग्ज’ नावाची सेटिंग तयार आहे. शिवाय मायएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ प्रकार कनेक्शनच्या टाइमझोनप्रमाणे बदलून मिळतो, ‘डेटटाइम’ बदलत नाही. दोन्ही एकाच टेबलात असतील तर काही कॉलम हलतात आणि काही नाही.

पीएचपीचं लारावेल वापरणाऱ्यांसाठी: सातव्या आवृत्तीपासून मॉडेलमधल्या तारखा जेसनमध्ये यूटीसीत जातात. ॲपचा टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवलेला असेल आणि कॉलमला नुसतं ‘डेट’ असं कास्ट केलं (म्हणजे तो प्रकार ठरवून दिला) असेल, तर तिथेही १८:३० उमटतं. कास्ट करतानाच वर्ष-महिना-दिवस हा साचा जोडून दिला की मिटतं. मोंगो या डेटाबेसमध्ये शुद्ध दिवसाचा प्रकार नाही, तिथे मजकूरच ठेवा.

सर्व्हरचा टाइमझोनच भारताचा करून टाकायचा उपायही चालतो, विशेषतः सगळे वापरणारे महाराष्ट्रातच असतील तर. मला तो आवडत नाही, कारण सर्व्हर बदलला, नवीन कंटेनर आला, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) दुसऱ्या मशिनवर गेला की ती सेटिंग करायची राहून जाते आणि कोडकडे बघून तिची गरज कोणाच्या लक्षात येत नाही.

## दिवस आणि महिना उलटे होतात

हा दोष साडेपाच तासांचा नाही, वेगळा आहे, पण तक्रार करणारा दोन्हींना ‘तारीख चुकते’ एवढंच म्हणतो. ५ एप्रिलचं ४ मे झालं असेल तर टाइमझोनकडे बघूच नका.

तिरक्या रेषांची तारीख अमेरिकेत महिना आधी अशी वाचतात आणि बहुतेक सॉफ्टवेअर तसंच वाचतं. जावास्क्रिप्ट ‘०५/०४/२०२५’ला ४ मे समजतं, ‘१३/०४/२०२५’ला अवैध तारीख म्हणतं. पीएचपीचं ‘स्ट्र-टू-टाइम’ तर आणखी मजेशीर: तिरक्या रेषा असतील तर अमेरिकन पद्धत, आडव्या असतील तर आपली. महिन्याच्या पहिल्या बारा तारखाच फसवतात, त्यातही १/१, २/२ अशा बारा तारखा उलट्या केल्या तरी त्याच राहतात. वर्षातले १३२ दिवस उरतात, ज्या दिवशी चूक होते आणि कोणतीही एरर येत नाही. टेस्टिंग २० तारखेला केलं असेल तर एरर दिसते, ५ तारखेला केलं तर दिसत नाही.

एक्सेलमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. ॲपमधून सीएसव्ही काढली, क्लार्कच्या विंडोजवर रीजन अमेरिका आहे. कॉलम उघडा आणि नुसता डोळा फिरवा: काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. उजवीकडच्या एक्सेलने तारीख म्हणून घेतल्या, म्हणजे त्यांचा दिवस-महिना उलटला. डावीकडच्या १३ ते ३१ वाल्या, त्या कळल्या नाहीत म्हणून मजकूर राहिल्या. सीएसव्हीत वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं की हा घोळ होत नाही. आणि सेलमध्ये ४५७४८ असा आकडा दिसला तर घाबरू नका, तो एक्सेलच्या हिशोबातला १ एप्रिल २०२५ आहे. सेलचा फॉरमॅट बदला.

तारखेच्या इनपुटमध्ये महिना आधी दिसतो अशीही तक्रार येते. तो क्रम ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ठरवतात, तुमचं पान तो बदलू शकत नाही. पाठवली जाणारी व्हॅल्यू बरोबरच असते. ग्राहकाला तेवढं सांगा, किंवा दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे खाने द्या.

डॉटनेटमध्ये तिरकी रेष लिहूनही आडवी का छापली जाते असं कोणी विचारलं तर: तिथे साच्यातली तिरकी रेष म्हणजे ‘त्या कल्चरचं (डॉटनेटच्या भाषेत लोकेलचं) विभाजक चिन्ह’. भारतीय इंग्रजीत विंडोज आडवी रेष वापरतं. ‘इनव्हेरियंट कल्चर’ द्या.

## साच्यातली अक्षरं

तारीख कशी छापायची ते सांगणाऱ्या साच्यात कॅपिटल एम म्हणजे महिना, स्मॉल एम म्हणजे मिनिटं. जावा, डॉटनेट, आणि मोमेंट, डेट-एफएनएस या जावास्क्रिप्टच्या लायब्ररी, सगळीकडे हेच. चुकून स्मॉल एम पडला तर महिन्याच्या जागी मिनिटं छापली जातात. भारतात याची एक खूण आहे: महिना ३० दिसतो. कारण वर सांगितल्याप्रमाणे नुसती तारीख वाचली की ती पहाटेची साडेपाच होते, आणि मिनिटं तीस. पावतीवर ‘०१-३०-२०२५’ बघितलं की एकदम दोन दोष सापडले समजा. पीएचपीत उलट चूक होते. तिथे मिनिटांसाठी ‘आय’ हे अक्षर आहे, आणि लोक सवयीने स्मॉल एम लिहितात. मग एप्रिलभर प्रत्येक वेळ काहीतरी वाजून चार मिनिटं दाखवते.

कॅपिटल डी जावामध्ये वर्षातला कितवा दिवस ते सांगतो. जानेवारीत लिहिलेला कोड जानेवारीभर बरोबर चालतो, १ फेब्रुवारीला ‘३२’ छापतो. कॅपिटल वाय त्याहून लपून बसतो. जावात तो आठवड्याच्या हिशोबाचं वर्ष देतो, आणि ते फक्त वर्षाच्या टोकाला वेगळं असतं. २०२५ च्या डिसेंबरच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत तो २०२६ छापतो. बाकी वर्षभर काही नाही. ही चूक मोठमोठ्यांना भोवली आहे. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस ट्विटरच्या सर्व्हरांनी वर्ष २०१५ सांगायला सुरुवात केली आणि अँड्रॉइडवरचे कितीतरी लोक लॉगआउट झाले.

मोमेंटमध्ये मात्र कॅपिटल वाय आणि कॅपिटल डी हेच बरोबर. मोमेंट २०२० पासून देखभालीपुरतं उरलंय, त्यामुळे लोक डेट-एफएनएसकडे वळतात आणि जुने साचे तसेच चिकटवतात. डेट-एफएनएस दुसऱ्या आवृत्तीपासून अशा साच्याला सरळ एरर देतं. ती एरर दाबायची सेटिंगही आहे. ती लावू नका, साचा बदला.

## मराठीत दाखवायचं तर

लोकेल दिलंच नाही तर ब्राउझर स्वतःचं घेतो. भारतातल्या अनेक लॅपटॉपांवर ब्राउझर अमेरिकन इंग्रजीत असतो, म्हणून तिथे ४/१/२०२५ दिसतं. लोकेल नेहमी स्वतः द्या.

मराठी लोकेल, ‘एमआर-आयएन’, दिलं की आकडे आपोआप देवनागरी येतात. हिंदी दिलं तर येत नाहीत, तिथे इंग्रजी आकडेच राहतात. दोन्ही भाषांचं ॲप करणारे इथे अडखळतात आणि मराठीत काहीतरी बिघडलंय असं समजतात. बिघडलेलं नाही, त्या भाषेसाठी ठरवलेली अंकपद्धतीच तशी आहे. इंग्रजी आकडे हवे असतील तर लोकेलला अंकपद्धतीचा पर्याय जोडता येतो.

खरी अडचण पुढे येते. दाखवलेला मजकूर कोणीतरी परत वाचायला घेतो. जावास्क्रिप्टला ‘२०२५’ हा देवनागरी मजकूर आकडा म्हणून कळत नाही, ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’) मिळतं. पायथन तोच मजकूर निवांत आकड्यात बदलतो. त्यामुळे बॅकएंडच्या टेस्ट पास आणि स्क्रीनवर अवैध तारीख. मराठी कीबोर्डवरून तारीख टाइप करणाऱ्यांसाठी आधी अंक बदलून घ्या: देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, अक्षराच्या क्रमांकातून तो वजा केला की आकडा मिळतो.

सर्व्हरवर पान तयार होत असेल तर तिथलं लोकेल आणि टाइमझोन वेगळे, ब्राउझरमधले वेगळे. रिॲक्टसारखी लायब्ररी मजकूर जुळत नाही म्हणून ओरडते. दोन्हीकडे दोन्ही गोष्टी स्पष्ट द्या. तेराव्या आवृत्तीच्या आधीचा नोड असेल तर त्यात मराठीची माहितीच नसते आणि तो गुपचूप इंग्रजी देतो. नोडची आवृत्ती वाढवल्यावर वेळेच्या टेस्ट फेल झाल्या, दोन्ही ओळी डोळ्यांना सारख्या दिसतात, असं झालं तर एएम-पीएमच्या आधीची मोकळी जागा तपासा. २०२२ च्या लोकेल डेटात अमेरिकन इंग्रजीसाठी तिथे साध्या स्पेसऐवजी अरुंद, न तुटणारी स्पेस आली.

मजकूर केलेल्या तारखेवर टेबल सॉर्ट केलं तर ०१-१२-२०२३ ही ०२-०१-२०२२ च्या वर येते. सॉर्ट मूळ वर्ष-महिना-दिवसावर लावा.

१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० दिसलं तर तारीख रिकामी आहे. २० किंवा २१ जानेवारी १९७० दिसलं तर सेकंदांना मिलिसेकंद समजलं गेलंय, हजाराने गुणा.

## आधीच बिघडलेला डेटा

कोड दुरुस्त झाला, पण जुन्या पावत्या? कॉलममध्ये वेळही साठवलेली असेल तर नशीब. अचूक १८:३० असलेल्या ओळी एशिया/कोलकाता टाइमझोनमध्ये नेऊन त्यांचा दिवस काढायचा. १७:३० वाल्याही त्याच क्वेरीने सुटतात, कारण डेटाबेसलाही युद्धकाळची वेळ माहीत असते. आकड्याने साडेपाच मिळवू नका.

वेळ गळून नुसता दिवस उरला असेल तर ओळीकडे बघून काही कळत नाही. तेव्हा आठवड्याचे वार मोजा. ऑफिस रविवारी बंद असतं; पावत्या वारानुसार मोजल्यावर रविवारी ढीग आणि शनिवारी जवळजवळ शून्य आलं, तर सोमवारच्या रविवारी आणि शनिवारच्या शुक्रवारी सरकल्या आहेत. हीच मोजणी महिन्यामहिन्याने केली की दोष कोणत्या रिलीजपासून सुरू झाला तेही सापडतं. मग पावती क्रमांक लावून बघा, कारण क्रमांक कधी मागे जात नाहीत: ४१२ नंबरची पावती ४११ च्या आदल्या दिवशी गेली असेल तर ती नंतर कधीतरी पुन्हा सेव्ह झालेली आहे. शेवटच्या बदलाची वेळ आणि ऑडिट लॉग असेल तर किती वेळा सेव्ह झाली ते कळेल, तितके दिवस ती मागे गेली. लॉग नसेल तर छापील पावतीची स्थळप्रत काढावी लागेल, दुसरा मार्ग नाही.

अपडेट क्वेरी चालवण्याआधी बदलणाऱ्या ओळींची जुनी आणि नवी तारीख वेगळ्या टेबलात ठेवा. त्यातल्या ज्या ओळी ३१ मार्चवरून १ एप्रिलवर जातात किंवा महिना ओलांडतात, त्यांची यादी आधी अकाउंटंटकडे द्या. त्या महिन्याचं जीएसटी रिटर्न भरलेलं असेल किंवा वर्षाचं ऑडिट झालेलं असेल, तर त्या ओळींचं काय करायचं ते तेच सांगतील. बाकीच्या तुम्ही चालवा.